आधी समोरच्याची बाजू

प्रा. दिनकरराव शेलगावकर सरांची आणि माझी पहिली भेट एका भांडणात झाली. भांडण माझं आणि माझ्या वडिलांचं होतं. सर बिचारे त्यांच्या खोलीत पेपर तपासत बसले होते आणि आम्ही दोघं बापलेक तावातावाने त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

आम्ही लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरचे. घरी मेंढरं, थोडीशी कोरडवाहू जमीन, आणि कमी पडलं की दुसऱ्याच्या शेतात रोजाने काम. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. बी.ए.ला नाव घातलं तेव्हा बाकीच्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या कारकुनाने "तत्त्वज्ञान शिल्लक आहे, लिहू का?" असं विचारलं आणि मी "लिहा" म्हणून मोकळी झाले. पुढे वर्गात जाऊन बसले आणि तो शिल्लक राहिलेला विषय मला भलताच आवडायला लागला. तेवढ्यात गावातल्या कुणी शहाण्याने आबांच्या कानावर घातलं की ह्या विषयाला नोकरी नसते. आबा सकाळच्या गाडीने शहरात हजर.

"मास्तर, पोरीचा इषय तेवढा बदलून द्या," आबा दारातूनच म्हणाले. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडी.

"मला नाही बदलायचा," मी म्हणाले. मी तेव्हाही भांडखोर होते आणि आता वकिली करते, म्हणजे फारसा फरक पडलेला नाही.

सरांनी आम्हाला बसवलं. मला विचारलं, "तुझ्या वडिलांचं म्हणणं काय आहे?"

"त्यांना यातलं काही कळत नाही."

"हे तुझं म्हणणं झालं. मी त्यांचं विचारलं."

मला सांगता येईना. मग सर आबांकडे वळले आणि म्हणाले, "मी सांगून बघतो. चुकलं तर थांबवा. तुम्ही मुलगी कॉलेजात घातली तेव्हा भावकी हसली. त्याचं तुम्हाला काही वाटलं नाही, कारण ते तुमच्यावर हसले. उद्या ती एवढी शिकून रिकाम्या हाताने घरी आली, तर ते तिच्यावर हसतील. तेवढं तुम्हाला सोसायचं नाही. म्हणून तुम्हाला तिच्या हाताला काम देणारा विषय पाहिजे."

आबांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. मग हळूच म्हणाले, "व्हय. हेच."

मी आबांकडे बघायला लागले. माझ्यावर कुणी हसेल याची त्यांना धास्ती आहे, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. घरात ते फक्त ओरडायचे.

"आता तुम्ही हिची बाजू सांगा," सर म्हणाले.

आबांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "तिला म्हंजे... तिला ह्ये..." शेवटी त्यांनी मान हलवली. "मला नाय ठावं मास्तर. तिला इचारावं लागंल."

"मग विचारा की."

आणि आबांनी माझ्याकडे तोंड वळवून विचारलं, "काय गं, तुला काय वाटतं?"

आमच्या घरात मुलींना पुष्कळ काही सांगितलं जायचं. हे कधी विचारलं गेलं नव्हतं. मी उत्तर काय दिलं ते मला आठवत नाही, रडले एवढं पक्कं आठवतं. विषय बदलला गेला नाही. निघताना आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली आणि सरांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "आमच्यात घोंगडीवर बसून खोटं बोलत नसतेत. तुमच्या कामाची हाय."

ती घोंगडी आजही गारखेड्यातल्या सरांच्या घरी, बाहेरच्या खोलीत अंथरलेली आहे. दर रविवारी सकाळी तिथे जमणाऱ्या आम्हा सगळ्यांना तिचा इतिहास माहीत आहे, पण सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ ज्यांच्या हाती पडेल आणि ज्यांनी ती बैठक पाहिलेली नाही त्यांच्यासाठी तिथला नियम सांगायला हवा. नियम एकच आहे. ज्याला आपलं मत मांडायचं असेल त्याने आधी घोंगडीवर बसून समोरच्याची बाजू मांडायची, आणि तीही अशी की समोरच्याने "व्हय, हेच" म्हटलं पाहिजे. तोपर्यंत स्वतःचं मत तोंडातून काढायचं नाही. "व्हय, हेच" हे शब्द आबांचे. सरांनी ते जसेच्या तसे ठेवले. विद्यापीठातली मोठमोठी माणसं, निवृत्त अधिकारी, कीर्तनकार, नास्तिक, सगळे त्या घोंगडीवर बसून माझ्या निरक्षर बापाच्या दोन शब्दांची वाट बघताना मी पाहिले आहेत. मला त्या वेळी जे वाटतं त्याला अभिमान हा शब्द फार लहान आहे.

हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पाळून बघा, म्हणजे कळेल. रविवारी सकाळी तावातावाने आलेला माणूस दुपारपर्यंत समोरच्याचीच बाजू धड मांडू शकत नाही, आणि मग स्वतःचं मत खिशात तसंच घेऊन घरी जातो. पुढच्या रविवारी येतो तेव्हा ते मत बरंचसं वेगळं झालेलं असतं. सरांना कुणी विचारलं की तुमचं यावर काय मत, तर ते हसून म्हणायचे, "माझा नंबर अजून आला नाही."

स्वातंत्र्य, इच्छा आणि न्याय हे सरांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचे विषय. त्यावर त्यांनी जे लिहिलं आहे त्याचं मोल या ग्रंथातले जाणकार करतील. मी फक्त त्यांच्या वर्गातलं सांगते.

एकदा नशिबाचा विषय निघाला. सिल्लोडचा अन्वर तेव्हा माझ्या वर्गात होता. तो उठून म्हणाला, "सर, सगळं वर लिहून ठेवलेलं असतं. मग आपण ठरवतो म्हणजे काय ठरवतो?" मी ताडकन उठले, माणूस स्वतंत्र असतो म्हणून सांगायला. सर म्हणाले, "उलट. अन्वर स्वातंत्र्याची बाजू मांडेल आणि सुनीता नशिबाची." काही सुचेना तेव्हा मी आमच्या मेंढरांचं सांगितलं. मेंढरं वाटेने चालली असताना पुढे काठी आडवी धरली की पहिलं मेंढरू उडी मारतं, दुसरं मारतं. मग काठी काढून घेतली तरी मागची सगळी त्याच जागी उड्या मारत जातात. माणसाचंही तसंच आहे, असं मी ठोकून दिलं.

सर खुर्चीतून उठलेच. "काठी काढून घेतल्यावरही? तू स्वतः पाहिलंस?" लहान मुलाला जत्रेत काहीतरी दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. मग म्हणाले, "सगळ्यांनी घरी जाऊन एवढंच बघा, आपण कुठे कुठे काठी नसताना उडी मारतो. आपण मोकळे आहोत की बांधलेले, ते नंतर ठरवू." मी त्या दिवशी घरी जाताना डोक्यात नुसता कल्लोळ घेऊन गेले. इतक्या वर्षांनंतरही तो प्रश्न मला सोडत नाही, आणि कोर्टात एखादा पक्षकार "आमच्यात असंच असतं, मॅडम" म्हणाला की मला ती उड्या मारणारी मेंढरं दिसतात.

अन्वरची दुसरी एक गोष्ट त्याच्या परवानगीने, खरं तर त्याच्याच आग्रहाने लिहिते. परीक्षेत तो कॉपी करताना सापडला. पकडलं सरांनीच. कॉलेजच्या समितीपुढे सुनावणी ठरली तेव्हा सर म्हणाले की आरोप मी नंतर मांडीन, आधी याची बाजू मांडतो. समितीतली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. पकडणाराच आरोपीचा वकील होतो हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. सरांनी सांगितलं की मक्याचा हंगाम होता, मुलगा वडिलांच्या अडतीवर पहाटेपासून पोती मोजत होता, वर्गात झोपत होता, आणि नापास झाला तर शिक्षण बंद होणार हे घरात ठरलेलं होतं. मग अन्वरला विचारलं, "हेच ना? काही राहिलं?"

अन्वर खाली बघत उभा होता. तो म्हणाला, "राहिलं, सर. मला येत होतं. सब करते इसलिए मैंने भी किया."

दुसरा कुणी असता तर तिथेच डोक्याला हात लावला असता. सरांनी "बरं" म्हटलं आणि मग कॉलेजची बाजू तितक्याच नेटाने मांडली. अन्वरचा पेपर रद्द झाला, त्याचं वर्ष गेलं. सरांनी शिक्षा कमी करा असं एका शब्दाने सुचवलं नाही. बाहेर आल्यावर मी रागाने लाल झाले होते. म्हणाले, "एवढं बोलून काय उपयोग झाला?" उत्तर अन्वरने दिलं. "सुनीता, सजा तो हुई, लेकिन इन्साफ भी हुआ. माझं सगळं ऐकून घेतलं त्यांनी." आज त्याचा सिल्लोडला मका-कापसाचा मोठा व्यापार आहे, आणि तो रविवार सहसा चुकवत नाही. येताना कणसं आणतो आणि काकू त्याला बजावतात की पुढच्या वेळी सोलून आण.

काकू म्हणजे सरांच्या पत्नी, सौ. मंदाकिनीताई. एवढी वर्षं आमची ही बैठक त्यांच्या चहावर चालली. त्या कधी घोंगडीवर बसल्या नाहीत. कुणी "या ना काकू" म्हटलं तर "तुमचं चालू द्या" म्हणून आत जायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. व्यक्तिस्वातंत्र्यावर घसा फोडून बोलणारे आम्ही सगळे, आणि आत स्टोव्हपाशी उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचं आहे हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही, सरांच्याही नाही. काकूंचं पुढे येणार आहे, म्हणून इथे फक्त ओळख करून ठेवते.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती लिहायला सरांनी परवानगी दिली, एका अटीवर: "माझा नकारही पूर्ण लिही. त्याची चेष्टा करू नको."

अमृतमहोत्सवाची तयारी सुरू झाली त्याच सुमारास सरांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की शिरा तुंबल्या आहेत, छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि ती लवकर करावी लागेल. सर घरी आले, जेवले, आणि म्हणाले की मी शस्त्रक्रिया करून घेणार नाही. त्यांनी हे कुणाला विचारलं नाही. गौरवग्रंथालाही नाही म्हणाले. "जिवंत माणसाचं श्राद्ध घालू नका," असं मला फोनवर ऐकवलं.

मी पुढच्या रविवारी गारखेड्याला गेले ती भांडायच्या तयारीने. वकील माणूस, मुद्दे भरपूर होते. अन्वरही सिल्लोडहून आला होता. त्या दिवशी गल्लीत कितीतरी दिवसांनी नळाला पाणी सुटलेलं होतं. ज्यांनी या शहरात संसार केला आहे त्यांना मी वेगळं काय सांगू? पाण्याच्या दिवशी घरात पाहुणा आला तरी त्याच्या हातात आधी बादली देतात. त्यामुळे बाकी कुणी बैठकीला आलं नव्हतं. काकू मागच्या अंगणात ड्रम भरत होत्या आणि बाहेर आम्ही तिघं.

"सर, तुम्हाला शस्त्रक्रिया करावीच लागेल," मी चपला काढता काढता सुरुवात केली.

सरांनी घोंगडीकडे बोट दाखवलं. "आधी माझी बाजू."

राग गिळून मी बसले. म्हणाले, "शरीर तुमचं आहे, निर्णयही तुमचाच. कुणी प्रेमापोटी जबरदस्ती केली तरी ती जबरदस्तीच."

"हे पुस्तकातलं झालं. हे कुणाचंही असू शकतं. माझं सांग."

मग मी सरांच्या थोरल्या भावाची, आप्पांची गोष्ट काढली. अशाच एका मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. कितीतरी वर्षं ते खाटेवर होते. त्यांनी काय खायचं, खाट कुठे ठेवायची, त्यांना कोण भेटेल, सगळं इतर ठरवायचे. सरांनी त्यांची सेवा केली होती.

"जवळ आलीस," सर म्हणाले.

मला एकदम दिसलं. दिसलं तसं बोलायची छाती होईना, पण घोंगडीवर बसले होते. "सर, तुम्हाला मरणाची भीती नाही. तुम्हाला भीती याची आहे, की तुम्ही खाटेवर असाल, बोलता येणार नाही, आणि आम्ही सगळे तुमच्यावरच्या प्रेमाने तुमच्या वतीने ठरवत राहू. जन्मभर तुम्ही ज्याची त्याची बाजू मांडलीत. त्या वेळी तुमची मांडायला कुणी नसेल."

सर खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "व्हय. हेच."

मला वाटलं होतं हे दोन शब्द मिळाले की मी जिंकले. प्रत्यक्षात माझे सगळे मुद्दे गळून पडले होते, कारण त्यांची भीती आता मलाही कळत होती.

मग सर घोंगडीवर आले आणि त्यांनी आमची बाजू मांडली. ती इतकी नेमकी होती की ऐकवत नव्हती. अन्वरला बाप गेल्यावर ज्या माणसाकडे बघून व्यवहार करायचा धीर येतो, तो माणूस हवा आहे. मला माझ्या आबांनी पहिल्यांदा प्रश्न विचारला त्या खोलीतला साक्षीदार हवा आहे. आम्ही दोघांनी मान खाली घालून "व्हय, हेच" म्हटलं. नियमाप्रमाणे आता सरांना स्वतःचं मत सांगायचा हक्क होता, आणि ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"झालं का सगळ्यांचं?"

काकू दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. मागे नळ तसाच चालू होता, ड्रम भरून पाणी फरशीवर वाहत असल्याचा आवाज येत होता. पाण्याच्या दिवशी नळ सोडून आलेल्या काकू मी कधी पाहिल्या नव्हत्या. त्या आल्या आणि सरांच्या समोर घोंगडीवर बसल्या.

"साऱ्या गावाची बाजू मांडली तुम्ही. माझी राहिली," त्या म्हणाल्या. "मांडा."

सर चमकले, पण सावरून बसले. हे तर त्यांचं रोजचं काम. "मंदाचं म्हणणं असं, की मी गेलो तर ती एकटी पडेल."

"नाय."

"मुलं लांब आहेत. आधार राहणार नाही."

"नाय. माझं मी बघंल."

"मग... मी हार मानतोय असं तिला वाटतं."

"त्ये बी नाय."

सरांना मी विचारात पडलेलं पाहिलं होतं, असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. अन्वर माझ्याकडे बघत होता, मी अन्वरकडे. बाहेर पाणी वाहत होतं आणि कुणी उठत नव्हतं. मग सरांनी जे म्हटलं, तेच वाक्य मी त्यांच्यासमोर माझ्या बापाच्या तोंडून ऐकलं होतं.

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "तुला विचारावं लागेल."

"मग इचारा की," काकू म्हणाल्या.

सरांनी विचारलं, "मंदा, तुला काय वाटतं?"

काकू म्हणाल्या, "मला तुमच्याशी भांडायचंय. लेकरं लहान होती तवा येळ नव्हता. मग आप्पांची खाट होती. मग ही तुमची माणसं. चहा करता करता मला लई येळा वाटायचं, हे चुकीचं बोलायलेत, बाहीर जाऊन सांगावं. पर साखर टाकायची राहून जायची. आता कुठं दोघं निवांत झालो, आन् तुम्ही निघालात. माझं सगळं म्हणणं तसंच राहिलंय हो."

सरांनी ते परत मांडायचा प्रयत्न केला. "तुझं म्हणणं असं, की..." एवढंच बोलले आणि थांबले. परत सुरू केलं, परत थांबले. आम्हा दोघांनाही डोळे पुसावे लागले, त्याची मला लाज वाटत नाही. शेवटी ते म्हणाले, "ही बाजू मला मांडता येत नाही. आणि जोवर मांडता येत नाही तोवर नियमाने मला मत सांगायचा हक्क नाही. मला वेळ लागेल."

आमच्यात सगळ्यात व्यवहारी अन्वर. डोळे पुसत तो म्हणाला, "टैम होना तो ऑपरेशन करनाइच पडता ना, सर."

सर आधी हसले, मग काकू हसल्या. "चांगलं कात्रीत धरलंत," असं म्हणून सर उठले आणि स्वतः जाऊन त्यांनी नळ बंद केला.

पण हे वाचून कुणी असं समजू नये की आम्ही त्यांना जिंकलं. सर तेवढ्यावर "हो" म्हणाले असते तर मला हा लेख लिहावासा वाटला नसता. त्यांनी आणखी काही दिवस घेतले. डॉक्टरांकडे जाऊन पुन्हा सगळं विचारलं. आप्पांचा आजार वेगळा होता, वयही वेगळं, हे त्यांना तेव्हा समजलं. मला म्हणाले, "काठी केव्हाच काढली होती गं. मी उडी मारत होतो." मग एक दिवस त्यांनी काकूंना समोर बसवलं आणि म्हणाले की मी बेशुद्ध असलो आणि काही ठरवायची वेळ आली तर तू ठरव, पण आधी माझी बाजू मांडून दाखव. काकूंनी ती पहिल्याच दमात मांडली. सर सांगतात, त्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्या त्यांना स्वतःलाही नीट कळल्या नव्हत्या. त्यांनी "व्हय, हेच" म्हटलं आणि मला फोन केला, "डॉक्टरांकडून तारीख घे."

स्वातंत्र्य म्हणजे कुणी आड न येणं, असं मी कोर्टात रोज ऐकते आणि म्हणतेही. सरांकडे बघून मला वाटतं की त्यात आणखी काहीतरी आहे. आपण गप्प पडलो तरी आपलं म्हणणं ज्याला मांडता येईल असं माणूस जवळ असलं, की माणूस मोकळेपणाने ठरवू शकतो. हे मी एवढं लिहिलं खरं, पण याचा पुरता अर्थ मलाही लागलेला नाही. पंचाहत्तराव्या वर्षी, भर आजारपणात, स्वतःच घालून दिलेल्या नियमापुढे एखादा माणूस असा नमू शकतो, आणि तेही ताठ मानेने, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी त्यापुढे थक्क आहे. आबांना फोनवर हे सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "घोंगडी बराबर जागी गेली."

या ग्रंथालाही सरांनी मग संमती दिली. त्यांचं म्हणणं असं की हा गौरव नको, तुमची बाजू लिहा. मी तुम्हाला कशासाठी हवा आहे ते प्रत्येकाने लिहावं, म्हणजे बरा झाल्यावर एकेकाला घोंगडीवर समोर बसवून मी ती मांडीन. काकूंची बाजू आधी आहे हेही त्यांनी बजावलं आहे. ती अजून अर्धीसुद्धा झालेली नाही, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून ती लवकर आटपेल असं दिसत नाही.

येत्या आठवड्यात सर दवाखान्यात दाखल होत आहेत. अशा ग्रंथात शेवटी दीर्घायुष्याची आणि आरोग्याची इच्छा व्यक्त करायची असते. एरवी मी ती एका ओळीत उरकली असती. या वेळी तसं उरकवत नाही, म्हणून साधंच लिहिते. सर, शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर या. चालायला लागा, बोलायला लागा, काकूंशी मनसोक्त भांडा. मग सवडीने हा लेख वाचा आणि मला बोलावून माझी बाजू मांडा.

मी समोर बसून ऐकेन. तुम्ही मांडाल ती अर्थातच नेमकी असेल, माझे डोळेही भरून येतील. पण घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नसतं हे ठाऊक असूनही आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही शंभरी गाठलीत तरी मी मान हलवणार आणि म्हणणार, "नाय सर, अजून थोडं राहिलंय."